तिसऱ्या बाकावरून बघितलेलं कॉलेज

मैत्रिणींनो, लेकरांचं कॉलेज तुम्ही कशावरून ठरवलं? आम्ही दोघं आज अणदूरहून सोलापूरला जाऊन एक कॉलेज बघून आलो.

आमच्या गौरीला मार्क चांगले आहेत, पण मोठ्या नावाच्या कॉलेजला पुरतील एवढे नाहीत. उद्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिली पसंती कुठली टाकायची, तेच ठरत नव्हतं.

सुट्टीमुळं कॉलेज रिकामं होतं. वॉचमननं एक वर्ग उघडून दिला. हे सरळ तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. गौरी शाळेत तिसऱ्याच बाकावर बसायची.

"इथनं फळा नीट दिसतोय," हे म्हणाले.

मीही शेजारी टेकले. खिडकीबाहेर कडुलिंब हलत होता. बघता बघता मला तिथं गौरी दिसायला लागली. वही उघडून बसलेली, मधेच बाहेर बघणारी, मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून हसणारी. पहिली पसंती माझ्या मनात तिथंच ठरली.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "ओ, चला आता. एसटी निघून जाईल."

ह्यांची शाळा सातवीतच सुटलेली. फळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "थांब जरा. तास संपू दे."