मावशी आत आल्या की

भिंतींना कान असतात म्हणतात. या सरकारी कचेरीतल्या भिंतींनी आपले कान चहावाल्या मावशींकडे गहाण टाकले होते. ट्रे घेऊन त्या आत शिरल्या की साहेबलोक बोलणं मध्येच तोडायचे, आणि उरलेलं अर्धं मावशी त्यांच्या तोंडांवरून ओळखायच्या. कोणाची बदली, कोणाची चौकशी, हे आधी मावशींना कळायचं, मग त्या माणसाला.

पुढे देशाच्या सरकारचा सगळा कारभार इंग्रजीतून करायचा कायदा आला. दारांवरच्या पाट्या बदलल्या, साहेबांच्या जिभाही बदलल्या. आता मावशी आत गेल्या तरी कोणी थांबेना. त्यांच्या देखत खुशाल काहीबाही चालायचं. मावशींना हे मुळीच रुचलं नाही. आपल्याला कोणी बिचकत नाही, हाही एक अपमानच.

पण खरा घोर होता लेकीचा. लेक याच कचेरीत, आपल्या भाषेची टायपिस्ट. घरची चूल तिच्याच नोकरीवर पेटायची. भाषा बदलली तरी माणूस एकही काढणार नाही, असा मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, आणि लेक तो उशाशी घेऊन निवांत झोपत होती. मावशींना त्यात काळंबेरं दिसे. त्यांच्या नवऱ्यालाही कारखान्याने असाच शब्द देऊन घरी बसवलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पिणार. लेक म्हणायची, तुला सगळं जगच लबाड दिसतं.

मावशी मग कपांत साखर ढवळत उगीच रेंगाळायच्या. इंग्रजी कळत नव्हतं, तोंडं तर ओळखीची होती. तरी काही हाती लागेना.

त्या दिवशी त्या ट्रे घेऊन दारात आल्या आणि आतलं बोलणं एकदम तुटलं. मोठे साहेब उठून पुढे आले. त्यांनी ट्रे स्वतःच्या हातात घेतला आणि कायदा आल्यापासून इथे तोंडातून न काढलेल्या भाषेत विचारलं, "मावशी, गुडघे कसे आहेत तुमचे? बसा ना जरा."

मावशी बसल्या नाहीत. गुडघे बरे आहेत म्हणाल्या आणि तडक लेकीच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब आज आपल्या भाषेत बोलले माझ्याशी."

लेकीचा चेहरा खुलला. "बघ, मी म्हणत नव्हते? चांगला माणूस आहे."

"चांगलाच आहे गं." मावशींना तिच्याकडे बघवेना. "वाईट असता तर इंग्रजीतच बोलत राहिला असता."

आणि त्या लेकीच्या खणातलं सामान पिशवीत भरू लागल्या.