चूक सांगायला घरी आलेले डॉक्टर

दिनांक १२ जून १९५१, सकाळचे साडेआठ. जुन्नरच्या दवाखान्यात मी औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवत होतो. कामाचा पहिलाच दिवस. डॉ. यासीनसाहेबांनी बाटली उजेडात धरली, खाचा मोजल्या आणि विचारले, "कितवी शिकलास?" सातवी नापास, असे मी सांगितले. "हात पास आहे," ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांचा कंपाउंडर आहे. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या यशाबद्दल पुष्कळजण लिहितील. मी त्यांच्या एका चुकीबद्दल लिहीत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे.

लांबच्या घाटघरहून चालत आलेल्यांना साहेब आधी तपासतात. यावर एका व्यापाऱ्याने कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, "शेठ, तुमचं घर इथून दिसतंय."

माझा मुलगा गणू दीड वर्षाचा झाल्यापासून वाळत गेला. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे. बाजरी जड पडते, गव्हाचे द्या, असे साहेबांनी सांगितले. आमच्या गावी, निमगाव सावाला, घरी गहू सणालाच. गणूसाठी मात्र रोज रव्याची खीर होऊ लागली. तिला आम्ही कोणी बोट लावत नसू. तिसरे वर्ष पुरे होण्याआधी गणू गेला.

मग सुमन झाली. तिलाही आम्ही जपून गहूच दिला. तिसऱ्या वर्षी तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर खाजरे फोड उठले, ओठांचे कोपरे फाटले, केस मुठीने गळू लागले. नखे मध्ये खोलगट होऊन कागदासारखी फाटत. शेजारणी आपली मुले तिच्याजवळून उचलून नेत. एकीने महारोगाच्या भीतीने तोंडावर विचारले, "मोठा रोग तर न्हाई ना?" गंधकाचे मलम मी स्वतः खलात घोटले. उपयोग झाला नाही. सुमनही आता राहत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

एका रविवारी साहेब न कळवता निमगावला आले. हातात विलायती मासिक होते. काही मुलांना गहूच सोसत नाही, आतडे बिघडते, खाल्लेले अंगी लागत नाही, असे त्यात होते. फोडांबद्दल काही नव्हते, हेही त्यांनी सांगितले. माझी पत्नी म्हणाली, "एक गेलं. आता हिला नुसत्या भाकरीवर ठिऊ?"

साहेब ओसरीवर उभेच होते. म्हणाले, "बाई, गणूला गहू मीच सांगितला. माझं चुकलं. हिला देऊ नका."

पत्नीने आत जाऊन रव्याचा डबा आणला, त्यांच्या पायाशी ठेवला आणि पुन्हा बाहेर आली नाही.

सुमन भात-भाकरीवर राहिली. साहेब दर बाजारच्या दिवशी तिची बोटे हातात घेऊन पाहत. वर्षभरात मुळाकडून धड नख पुढे आले. केस आले, कानामागे एक चट्टा तसाच आहे. फोड अधूनमधून उठतात, ते का, हे साहेबांनाही सांगता येत नाही. पण पोर जगली. आता कोणतेही मूल आले की त्याच्या अंगाकडे बघण्याआधी साहेब विचारतात, हे खाते काय?

हा लेख मी पत्नीला वाचून दाखवला. त्या रविवारनंतर ती साहेबांसमोर कधी आली नव्हती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "लिवा, माजा राग न्हाई आता. त्यांनी लई वरसं जगावं. आन् गणूचं मनाला लावून घिऊ नये."

साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, ही आमच्या घराची प्रार्थना. आणि पत्नीच्या बोलण्यातले शेवटचे वाक्य त्यांनी ऐकावे, ही विनंती.