सातव्या नमुन्याची नववी ओळ

शोभाताई गेल्याचं तिच्या सुनेनं, मीनानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. फोन ठेवला आणि सोलतच राहिले... सगळ्या संपेपर्यंत. मग पाहिलं तर दाणे केरात टाकलेले आणि सालं भांड्यात. आज दीड महिना झाला. लिहायचं ते आता लिहूनच टाकते, कारण यात एक गोष्ट अशी आहे की जी मी तिला अकरा वर्षं सांगितली नाही.

आमची ओळख वाडीची. दोघींचे नवरे एकाच ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून, आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये एका भिंतीचं अंतर. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण आमचं अगं-तुगंच. अमरावती रोडवरून दिवसभर ट्रक जायचे, फळीवरची भांडी थरथरायची, आणि त्या थरथरीतही शोभाताई दारात बसून क्रोशाचे टाके मोजत असायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. लग्नाआधी शेजारच्या बाईकडे शिकायला गेली, तर ती बाई म्हणाली, "बघून शीक," आणि हातातलं विणकाम पदराखाली घेतलं. ते शोभाताईला फार लागलं होतं. पुढे हळदीकुंकवाला जाईल तिथे ती टीव्हीवरच्या रुमालाचे टाके डोळ्यांनी मोजून यायची आणि घरी वहीत उतरवायची, इतक्या साखळ्या, इतके खांब. तिचा हट्ट एकच. जिला दाखवायला आई नाही, जाऊ नाही, कोणीच नाही, तिलाही नुसत्या कागदावरून विणता आलं पाहिजे.

त्यासाठी तिला मी लागायची. ती नमुना लिहायची आणि मी समोर बसून, फक्त वाचून, तो विणायचा. अडले की मी तिच्या तोंडाकडे पाहायची. ती मान फिरवायची.

"मले नको विचारू वं, निमे. कागदाले विचार."

"काहून? तू काय मुकी झाली का?"

"मी मेल्यावर कोणाले विचारशीन?"

मी हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

असे अकरा नमुने जमले, तेव्हा तिनं पुस्तिका छापायची ठरवली. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, तिची वही चाळत म्हणाले, "पुस्तक बायकाईचं, अन् त्यात हे मुका-मुका काहून लिहून राहिली वं? खांबाचा मुका घ्यायचा का?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही लिहून राहिली. चहा प्या." विणणाऱ्या बायकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. सुईवर वेढा घेऊन केलेला उंच टाका म्हणजे खांब, आणि वेढा न घेता केलेला बुटका, तो मुका खांब. एवढाच फरक. पण गोल रुमालात बुटक्याच्या जागी उंच टाका गेला की कड वर उठते.

छापण्याआधी टाइप केलेले कागद तिनं मला दिले. दिवाळी तोंडावर होती, घरात पाहुणे... नाही, खरं सांगते, मला कंटाळा आला होता. सातवा नमुना, ताटावर झाकायचा गोल रुमाल, मी आठ ओळींपर्यंत विणला आणि दोऱ्यासकट पिशवीत कोंबला. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, "झाला वं. मस्त सपाट आला." तिनं पाहायला मागितला नाही. माझ्या शब्दावर पुस्तिका छापायला गेली.

नवव्या ओळीत टाइप करणाऱ्याकडून 'मुका' गळला होता. भिवापूरच्या एका बाईचा फोन आला. "ताई, पोरीच्या रुखवताचा रुमाल हाये, थो वाटीवानी उठून राहिला. आता त्यात का मिरच्या भरू?" मग आणखी फोन आले. सीताबर्डीच्या दुकानदारानं गठ्ठा परत पाठवला. शोभाताईनं उरलेल्या प्रत्येक प्रतीत निळ्या पेनानं 'मुका' लिहिलं, एकेक करून, आणि मी शेजारी बसून पानं उघडून देत होते. मधेच थांबून तिनं विचारलं, "निमे, तुह्या हातून सपाट कसा आला वं?"

"माहा हात घट्ट आहे ना."

"असन," ती म्हणाली आणि पुढचं पान ओढलं.

दुसरी पुस्तिका निघाली नाही. लिहिणं थांबलं नव्हतं, तीन रजिस्टरं भरली. मला विणायलाही द्यायची, मी सगळं नीट विणून द्यायची. पण छापायचं काढलं की म्हणायची, "अजून एकदा पाहू दे. माह्या लिहिण्यात खोट राहते." मी ऐकून घ्यायची. तेव्हा तरी बोलायचं होतं मी...

तेराव्यानंतर मीनानं एक पिशवी आणून दिली. "काकू, आईनी तुमच्या नावानं ठेवली होती." आत मी विणून दिलेले सगळे नमुने, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, नमुन्याचा नंबर आणि 'निमाचा हात'. सातव्या चिठ्ठीला बांधलेली होती ती माझी अर्धवट चकती. कधीतरी तोरणांसाठी मी तिला उरलेल्या दोऱ्यांची पिशवी दिली होती, त्यात गेली असणार. शेवटचा टाका उसवू नये म्हणून तिनं त्यात सेफ्टीपिन अडकवली होती. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती मला नमुने देत राहिली, आणि बहुतेक त्यामुळेच छापत नव्हती. दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता आलं असतं. तिनं घेतलं नाही.

ज्यांच्याकडे ती पुस्तिका असेल त्यांनी सातवा नमुना काढावा आणि नवव्या ओळीत 'खांब'च्या आधी 'मुका' लिहून घ्यावं. तिच्या लिहिण्यात खोट नव्हती. तपासणं माझं काम होतं, मी ते केलं नाही आणि केलं म्हणून सांगितलं.

काल सुई घेऊन बसले. पिन गंजली आहे, पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग उतरला आहे. काढली तर टाका हातात धरावाच लागेल. शोभाताई, हे तू मला लाजवायला ठेवलंस की पुरं करायला? चिठ्ठी उलटून पाहिली, मागे कोरी. पुन्हा सुलटी केली. तिच्या बारीक अक्षरात तेवढंच आहे. क्रमांक सात, निमाचा हात, आठ ओळी झाल्या.