सॉसच्या क्रेटमधले टोमॅटो

त्या बाईची आठवण आली की अजूनही आधी चीडच येते, म्हणून हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

शेतमाल कारखान्यात कसा जातो हे दाखवायला मी शाळेची मुलं नारायणगावच्या टोमॅटो बाजारात नेली होती. क्रेट भरणारी ती बाई मात्र सॉससाठी काढलेले पिकले टोमॅटो पदराला पुसून मुलांच्या हातात देतच राहिली.

"अहो बाई, मी शिकवतोय ना!"

"शिकवा की, गुरुजी. खाताना कान बंद व्हत्यात व्हय?"

मुलं खिदळली. मी तणतणत आडत्याकडे तक्रार केली. त्याने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्यानंतर मी मुलांना सकस आहार समजावला.

पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरीच बाई होती. "चुकलं माझं, बाई," हे तोंडातच राहिलं.