पुण्याची मावशी आणि झाशीतली नऊवारी

पंधरा ऑगस्ट आणि तोही झाशीत! मृणालचा फोन आला आणि मी हो म्हणून मोकळी झाले. मृणाल माझी हॉस्टेलची मैत्रीण. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या झाशीतच.

"तनू राणी होणार आहे. नऊवारी तूच नेसव हं, तू पुण्याची ना!"

तनू तिची आठ वर्षांची लेक. गेल्या वर्षी ध्वजवंदनानंतर भर स्टेजवर तिची साडी सुटली आणि अख्खी गल्ली हसली. यंदा पुण्याची मावशी नेसवणार असेल तरच ती स्टेजवर चढणार होती.

सुट्टीच्या आठवड्यात गाडीचं तिकीट फार आधी काढा, वेटिंग हलत नाही. स्टेशनवरून शेअर ऑटोने इलाइट चौराह्याला आले. तिरंगी फुगे, तिरंगी बांगड्या, तिरंगी बर्फी! बर्फी मी तिथेच संपवली. ऑटोवाला म्हणाला, "दीदी, कल देखियो, हमाए मोहल्ले में तौ सात रानी निकरहें!" संध्याकाळी किल्ला पाहिला. ऊन उतरल्यावरच चढा, दगड भयंकर तापतात.

सकाळी तनूने हिरवी साडी माझ्या हातात दिली. मी उलगडत गेले, उलगडत गेले, पण पाय घालायची जागा काही सापडेना! माझी नऊवारी शिवलेली असते हो, पायजम्यासारखी चढवायची की झालं.

"मृणाल, तुला येतं?"

"मला येत असतं तर गेल्या वर्षी सुटली असती का?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तनूचे ओठ थरथरले, तेव्हा मात्र मी घाईघाईने साडीचं टोक शोधायला लागले. बाहेर ढोल सुरू झाला होता.

तेवढ्यात मृणालची जाऊ गीताभाभी हात पुसत आली. टहरौली गावची, घरातली एकटी बुंदेली, म्हणून नऊवारीचं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "हटौ तौ दीदी. हमाई अम्मा ऐसई काँछ लगा कें खेत में जात तीं. कबऊँ नईं खुली."

दोन गाठी, चार निऱ्या, मागे खोचलेला काष्टा. तनूने तिथेच उड्या मारून पाहिल्या.

स्टेजवर तर तिने तलवार उपसून थेट खाली उडी घेतली. साडी जागच्या जागी! गल्लीने शिट्ट्या मारल्या. मी लाडू खात रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. दुपारी गीताभाभीने मला शिकवलं आणि माझ्याकडून तीनदा नेसवून घेतली.

गणपतीत पुण्यात मी पहिल्यांदा न शिवलेली नऊवारी नेसले. आई बघतच राहिली.

"अगंबाई! कुणी शिकवलं?"

"टहरौलीच्या गीताभाभीने."

"हे टहरौली कुठे आलं?"

"झाशीजवळ."

आईने मागून काष्टा ओढून पाहिला. हलला नाही. मग हळूच दार लावून घेत म्हणाली, "मलाही नेसव. मला कुठे येते?"