गाठीवर गाठ

मृणालताईंची आणि माझी ओळख झाली त्या दिवशी मी हादरून गेलो होतो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात गोड आठवणी लिहाव्यात, असा संपादकांचा आग्रह आहे. पण माझी पहिलीच आठवण गोड नाही, त्याला माझा इलाज नाही.

मेंदूला इजा झालेल्यांसाठी ताईंनी भिवंडीत काढलेल्या केंद्रात मी नुकताच रुजू झालो होतो. समोर दिघाशी गावचा यंत्रमाग कामगार दामोदर बसला होता. अंबाडी नाक्यावर मोटारसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता. आता बोलायला ठणठणीत. लूम, म्हणजे यंत्रमाग, कसा चालवायचा ते घडाघडा सांगायचा. घरी मात्र दुपारपर्यंत खाटेवर नुसता बसून. सोबत आलेला थोरला भाऊ पार वैतागला होता.

"नाटकं हायेत, म्याडम. तोंड चालतंय, मग हात का न्हाय? उद्यापासून ड्युटीवर घालतो."

"ढोंग करणारेही असतात हो. आधी बघू तर," ताई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी सुताची दोन टोकं दामोदरपुढे ठेवली. "एक गाठ मारून दाखवा."

डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यानं गाठ मारली.

"बघितलंत?" भाऊ उसळला. मलाही ते पटलं होतं. ताईंनी हात वर करून त्याला गप्प बसवलं.

दामोदरनं त्याच गाठीवर दुसरी गाठ मारली. मग तिसरी. "झालं, बास," ताई म्हणाल्या. "झालं," तोही म्हणाला आणि पुढची मारली. सूत संपत आलं तरी बोटं थांबेनात. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"थांबत न्हाय रं दादा," तो भावाला म्हणाला.

हे हात उद्या चालू लूमवर जाणार होते!

ताईंनी ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली, तेव्हा कुठे ती थांबली. "काम सुरू करणं आणि थांबवणं, मेंदूतलं तेच दुखावलंय," त्यांनी भावाला सांगितलं. "ओरडून उपयोग नाही. हाताला धरून उठवा." चहा आला, तेव्हा पहिला कप ताईंनी भावालाच दिला. "मार त्यालाही लागलाय," त्या नंतर मला म्हणाल्या.

दामोदर पुन्हा लूमवर गेला नाही. भाऊ मात्र आजही रोज सकाळी त्याला हात देऊन उठवतो.

ताई, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. पहिल्याच गाठीला निकाल देऊन मोकळे होणारे आम्ही पुष्कळ आहोत. आम्हाला गप्प बसवायला आपला तो हात अजून खूप वर्षं वर राहायला हवा.