संतोषचं ‘ठीक हाय’

चार दोस्तांनी मिळून फुकटचं काम काढलं की पैसा येत नाही, किस्से मात्र भरपूर येतात! आमच्या परभणीच्या टोळक्याकडे ते इतके साचलेत की कुठला आधी सांगावा, हाच प्रश्न.

आम्ही शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं ॲप बनवतो. ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कुणीही बदल सुचवावा, पण दुसऱ्याने तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय तो आत जात नाही. या तपासण्याला रिव्ह्यू म्हणतात. लिहितो पेडगावचा गजानन आणि थोडंफार मी. तपासते पूर्णेची सरिता. पाथरीत मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला संतोषही तपासतो. म्हणजे न वाचता ‘ठीक हाय’ लिहितो! त्या दोन शब्दांची सरिताला भारी चीड.

*

लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, असा कोड गजाननने लिहिला. सरिताने विचारलं, “लाईट येऊन लगेच गेली, परत आली, परत गेली, तर?”

गजानन भडकला. “लय शानी! शेत माझं हाय का तिचं?” आणि हट्टाने तोच कोड स्वतःच्या विहिरीवर लावला.

आठवडा उलटायच्या आत तो संतोषच्या दुकानापुढे जीपमधून जळकी मोटार उतरवत होता. “वाइंडिंग करून दे. आन् सरिताला सांगू नको!”

सरिताच्या सांगण्यावरून कोड बदलला. लाईट आल्यावर मोटार आता जरा थांबून सुरू होते. पुढच्या हंगामात संतोषच कुरकुरला, “सरिता, तुझ्यामुळं माझा धंदा बसायलाय!”

*

सरिताचे वडील रेल्वेत डबे तपासायचे. एकदा त्यांनी तिला विचारलं, “बाई, दिवसभर काय करायलीस?”

“दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायलेय, दादा.”

“मंग तुझं नाव न्हाई निघायचं. गाडी पोचली की ड्रायव्हर हुशार, थांबली की आमी जबाबदार!”

*

झालंही तसंच. खुल्या कोडवर काम करणाऱ्यांना पगार देणाऱ्या एका संस्थेत सरिता अर्ज करत होती. पूर्णा न सोडता नोकरी! अर्जाला आमच्या ॲपचं योगदानाचं पान जोडायचं होतं. उघडलं, तर त्यात गजानन आणि मी. सरिता कुठेच नाही! ते पान फक्त लिहिलेल्या ओळी मोजायचं.

“मंग इतके दिवस मी काय केलं?” ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. माझ्या कितीतरी चुका तिने अडवल्या होत्या, पण न घडलेली चूक दाखवायची कशी?

*

मला नादच लागला. तपासणी मोजता येईल का? कुणी किती बदलांना ‘हो’ म्हटलं, ते मोजणारा प्रोग्राम लिहून चालवला.

पहिला नंबर, संतोष! सरिता तळाला. ती एकेका बदलावर दिवसच्या दिवस प्रश्न विचारते, हा चहाबरोबर दहा उरकतो. गजानन हसून हसून लोळला.

मग गजाननने आणि मी मिळून मोजमाप बदललं. ज्या प्रश्नामुळे कोड सुधारला, तेवढेच प्रश्न धरायचे. सरिता वर आली. संतोषचा एकही प्रश्न नव्हता, तरी दोस्तीखातर त्याचं नाव शेवटी राहू दिलं.

*

अर्जाचा शेवटचा दिवस. योगदानाच्या पानातला हा बदलही कुणीतरी तपासायलाच हवा होता. सरिताकडे पाठवला, तिने परत केला. “माझ्याच नावाचं मी तपासणार न्हाई.” लिहिणारे आम्ही दोघं. उरला कोण? संतोष!

त्याचं ‘ठीक हाय’ एरवी चुटकीसरशी येतं. त्या दिवशी दुपार सरली तरी काही नाही. आमचा जीव टांगणीला. शेवटी फोन केला.

“थांब रे,” तो खेकसला, “वाचायलोय!”

दिवस मावळता मावळता उत्तर आलं. “बाकी समदं बरोबर. एक चूक हाय. माझं नाव काढा.”

मी काढलं. त्याने ‘हो’ म्हटलं. पान बदललं, अर्ज गेला.

थोड्या वेळाने पाहिलं, तर संतोषच्या त्या ओळीखाली सरिताने दोनच शब्द लिहिले होते.

“ठीक हाय.”